डोक्याला भोक

मोटरसायकल शर्यतीला न्यायची म्हणजे आधी तिच्यातून बरंच काही काढून टाकावं लागतं: आरसे, दिवे, इंडिकेटर, साइड स्टँड. त्यानंतर जे वाढवायचं त्यात सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत बिनकौतुकाचं काम एकच. बोल्टच्या डोक्याला आडवं भोक पाडायचं, त्यातून स्टेनलेसची बारीक तार ओवायची, तिला पीळ घालायचा आणि दुसरं टोक जवळच्या न हलणाऱ्या भागाला किंवा शेजारच्या बोल्टला बांधायचं. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, फिल्टर कव्हरचे बोल्ट, ब्रेकचे कॅलिपर. शर्यतीआधी तपासनीस गुडघ्यावर बसून टॉर्च मारतो. नियमात सांगितलेल्या जागी तार दिसली नाही, तर गाडी ट्रॅकवर जात नाही.

माझ्या ओळखीत या भोकावरून कायमचं वाजलेले दोघे आहेत, मामा आणि भाची. मामांचा जन्म गेला ओझरच्या विमान कारखान्यात. मिग-21 साठी 1964 साली उभा राहिलेला तो कारखाना. मामा तिथे पुष्कळ नंतर लागले आणि सुखोईच्या जुळणीवरून निवृत्त झाले. भाची मेकॅनिकलची डिप्लोमाधारक. नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका शेडमध्ये ती 165 सीसी वर्गातली गाडी तयार करते आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्यांसाठी ती टेम्पोत घालून कधी चेन्नईला, कधी कोइमतूरला नेते. विमानात जागोजागी तार असते, म्हणजे मामा तारेच्या बाजूने बोलणार असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

भाची: तुमचं अख्खं आयुष्य तारा पिळण्यात गेलं मामा, आणि मी चार बोल्टांना भोकं पाडली की तुमच्या पोटात दुखतं.

मामा: तारा पिळल्या. भोकं नाही पाडली. विमानाचा बोल्ट भोकासकट येतो. तो जिथे घडतो तिथेच भोक, प्लेटिंग, तपासणी, सगळं होऊन त्याच्यावर शिक्का बसतो. अमेरिकन पद्धतीच्या बोल्टच्या नंबरात तर डोक्याला भोक असलं की 'एच' हे अक्षरच घालतात. मी हँगरमध्ये ड्रिल घेऊन बोल्ट भोसकताना दिसलो असतो ना, तर त्याच दिवशी गेटबाहेर.

भाची: तुम्हाला स्टोअरच्या खिडकीत चिठ्ठी दिली की बोल्ट मिळायचा. परदेशात मोठ्या सुपरबाइकना असे तयार सेट मिळतात. माझ्या गाडीचा ड्रेन बोल्ट भोकासकट कोण बनवून देणार? मीच.

मामा: त्यालाच माझा आक्षेप आहे. बोल्ट ही बनवून तपासलेली वस्तू. तिच्यावर 8.8, 12.9 असं काही लिहिलेलं असतं ते कारखान्याने दिलेलं वचन. तू भोक पाडलंस की वचन संपलं, आकडा तेवढा उरला.

भाची: वचन कुठे राहतं ते तर सांगा! बोल्ट तुटतो कुठे? डोकं जिथे दांड्याला मिळतं त्या गोलाईत, नाहीतर नटात शिरताना पहिल्या आट्यात. डोक्याच्या वरच्या भागावर असा भार येतोच किती?

मामा: वरच्या भागावर येत नाही, कबूल. पण भोक वरच्या भागातच पडलंय याची खात्री तुझ्या शेडमधल्या त्या डुगडुगणाऱ्या बेंच ड्रिलवर कोण देणार?

ते बेंच ड्रिल मी पाहिलं आहे, आणि डुगडुगतं हे खरं आहे. पण भाचीचा हात डुगडुगत नाही. एम-8 चा ॲलन बोल्ट घ्या. डोकं 13 मिलिमीटर व्यासाचं, 8 उंच, आणि मध्ये चावी बसायला 6 मिलिमीटरचा षटकोनी खड्डा. म्हणजे भोक पाडायला भिंत उरते ती तीन-साडेतीन मिलिमीटरची. ती दीड मिलिमीटरचं कोबाल्टचं ड्रिल लावते. डोक्याच्या कडेला बोटांच्या पकडीसाठी खवले असतात, त्यावरून ड्रिलचं टोक घसरतं. म्हणून आधी कानशीने तिथे तांदळाच्या दाण्याएवढा सपाट भाग करायचा. मऊ बोल्टवर सेंटर पंचचा ठोका उमटतो, 12.9 वर मात्र पंचचंच टोक बसतं, तिथे आखूड, जाड सेंटर ड्रिलने सुरुवातीची खळी पाडावी लागते. मग कटिंग ऑइलचा थेंब, जरा आत, बाहेर, बुरा झटकून पुन्हा आत. स्टेनलेसचा बोल्ट असेल तर हात ढिला सोडून चालत नाही. ड्रिल कापायचं सोडून नुसतं घासत राहिलं की ती जागा आणखी कडक होते, आणि मग तिथे काहीच शिरत नाही.

खरी परीक्षा भिंत पार होताना. ड्रिल आतल्या षटकोनात डोकावतं, त्या क्षणी त्याची एकच धार धातूत असते आणि दुसरी हवेत. तिथे ते अडकतं आणि कट्‌ करून मोडतं. मोडलेला तुकडा भोकात पाचरीसारखा बसला की बोल्टही गेला. त्यामुळे शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला भाची दांड्यावरचा जोर जवळजवळ काढून घेते, आणि तेवढा वेळ शेडमध्ये कुणी तिच्याशी बोललेलं तिला खपत नाही. भोक झालं की दोन्ही तोंडांची धार मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून मोडायची. ती धार राहिली तर तार तिथेच कापली जाते, आणि आतल्या बाजूला राहिली तर ॲलन की नीट तळाला बसत नाही.

हे सगळं पाहून मामा काय म्हणाले? "काम बरं करते. पण करायलाच कशाला हवं?"

मामा: तारेने काय होतं सांग.

भाची: बोल्ट सैल होत नाही.

मामा: चूक. तुमच्या सगळ्या शर्यतवाल्यांची इथेच चूक होते. बोल्ट म्हणजे स्प्रिंग. एम-8 चा 8.8 वाला बोल्ट 25 न्यूटन-मीटरला आवळलास की तो ताणला जातो आणि सुमारे दीड टनाच्या वर जोराने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. त्या दाबामुळे ते सरकत नाहीत, सरकत नाहीत म्हणून बोल्ट फिरत नाही. आता तो ताणला जातो म्हणजे किती? मधली पकड तीस मिलिमीटरची असेल तर सहा-सात शतांश मिलिमीटर. आपल्या केसाएवढा. आणि एम-8 चा एक आटा सव्वा मिलिमीटरचा. म्हणजे बोल्ट वीस अंश उलटा फिरला की सगळा ताण गेला. दाबलेल्या भागांची स्प्रिंग धर, पंचवीस-तीस अंश म्हण. हाताने पिळलेली तार पूर्ण ताठ होईपर्यंत बोल्टला किती फिरू देते, कधी मोजलंस?

भाची: ... पाच-दहा अंश देत असेल.

मामा: बरी बांधलेली असेल तर. वाईट बांधलेली असेल तर वीस सहज. म्हणजे तार ताठ होते तेव्हा बोल्ट आधीच निकामी झालेला. तो पडत नाही, एवढंच. तार बोल्टला आवळून धरत नाही, पळून जाऊ देत नाही. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मामांचं म्हणणं त्यांच्या मनातून निघालेलं नाही. गेर्हार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिलं होतं की बोल्टला सैल करते ती उभी धडधड कमी आणि आडवी सरक जास्त. दोन भाग एकमेकांवर बाजूला घसरायला लागले की बोल्टच्या आट्यांमधलं घर्षण हरवतं आणि तो आपोआप परतीच्या वाटेला लागतो. त्याने त्यासाठी बनवलेल्या यंत्रावर आजही बोल्टची परीक्षा होते, आणि आपल्याकडे प्रत्येक गॅरेजात भक्तिभावाने घालतात तो फाटका स्प्रिंग वॉशर त्या यंत्रावर टिकत नाही. 1990 साली नासाने बोल्टांविषयी काढलेल्या एका पुस्तिकेतही त्याचं माप काढलं आहे: बोल्ट पूर्ण आवळला की हा वॉशर सपाट होतो आणि साध्या वॉशरइतकाच उपयोगी उरतो. पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत जाऊन हे सांगायची माझी छाती नाही.

भाची: ठीक आहे. पळून जाऊ देत नाही, एवढंच काम. पण मला तेवढंच काम हवंय! ड्रेन बोल्ट घ्या. तो इंजिनच्या तळाशी, मागच्या चाकाच्या पुढे. सैल होऊन थोडं तेल पाझरलं तर तपासणीत दिसेल, फार तर माझी शर्यत जाईल. तो निघून पडला तर लिटरभर गरम तेल माझ्याच मागच्या टायरवर, आणि मग ट्रॅकवर. माझ्या गाडीमागे वीस जण आहेत. चेन्नईचं पहिलं वळण तुम्ही टीव्हीवर पाहिलंत ना? तिथे कुणी थांबायच्या बेतात नसतं.

मामा: खाली तेल साठवायचं फेअरिंग असतं ना मोठ्या गाड्यांना?

भाची: मोठ्या गाड्यांना असतं. आंतरराष्ट्रीय नियमात आहे, इंजिनातलं निदान निम्मं तेल-पाणी खालच्या फेअरिंगमध्ये मावलं पाहिजे. पण वळणात झुकलेल्या गाडीतून ते सगळं तिथेच राहील असं तुम्ही मला सांगाल? मार्शल पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा झेंडा दाखवेपर्यंत पहिले चार-पाच जण तेलावरून गेलेले असतात. मॉन्झा आठवा, 1973.

मामांना आठवायची गरज नव्हती. ती गोष्ट शर्यतीच्या जगात अजून निकालात निघालेली नाही. 20 मे 1973, इटलीतला मॉन्झा ट्रॅक, 250 सीसीची शर्यत. पहिल्याच फेरीत कुर्वा ग्रांदे या वेगवान वळणावर रेंझो पासोलिनी पडला, त्याच्यामागून डझनभर गाड्या एकमेकींत अडकल्या. पासोलिनी आणि यार्नो सारिनेन, दोघे जागच्या जागी गेले. सारिनेन हा फिनलंडचा, आदल्या वर्षीचा 250 चा जगज्जेता. त्याआधीच्या 350 सीसीच्या शर्यतीत वॉल्टर व्हिला या रायडरच्या बेनेली गाडीतून तेल गळत होतं आणि ते न पुसताच पुढची शर्यत सोडली, असा आरोप तेव्हापासून आजतागायत होत आला आहे.

मामा: पण चौकशीत वेगळं निघालं होतं. पासोलिनीचंच इंजिन जाम झालं म्हणून. जाम झालेल्या पिस्टनला तू कुठली तार बांधणार?

भाची: माहितीय मला. पण पन्नास वर्षांनंतरही लोक तेलावरच भांडतात, ते का? कारण तिथे पिस्टन जाम होणं हे नशिबावर सोडता येतं, तेल सोडता येत नाही. ते कुणीतरी सांडलेलं असतं.

या एका वाक्यासाठी मी भाचीच्या बाजूला गेलो, हे लपवत नाही. मामांचं सगळं गणित बोल्टपाशी सुरू होतं आणि बोल्टपाशीच संपतं. त्यात गाडी, चालवणारा आणि तो बोल्ट एवढेच आहेत. मागून येणारा त्यात नाही. विमानातही तसं पाहिलं तर मागून येणारा कुणी नसतो. खाली असतात लोक, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात. शर्यतीत माझ्या बोल्टचा हिशेब अनोळखी माणूस चुकवतो, आणि तोही दीडशे किलोमीटरच्या वेगात. तार बोल्टला आवळून धरत नाही हे मान्य केल्यावरही तिचं काम उरतंच.

मात्र भाचीने ड्रेन बोल्टवर थांबायला हवं होतं. ती थांबली नाही.

भाची: म्हणून सगळीकडे भोकं. कॅलिपर, हँडलचे क्लॅम्प, फुटपेग, ब्रेकचे बँजो बोल्टसुद्धा.

मामा: बँजो? अगं बँजो बोल्ट आतून पोकळ असतो! त्याच्यातूनच ब्रेकचं तेल जातं. ती पोकळी डोक्यापर्यंत किती वर आलीय ते बाहेरून दिसतं का तुला? तू आडवं भोक पाडलंस आणि ते आतल्या पोकळीला लागलं, तर आवळून, तार पिळून, टॉर्च मारून सगळं झकास दिसेल, आणि ब्रेक दाबला की तेल डोक्यातून बाहेर. तेही एकदम नाही, थेंब-थेंब. वळणाच्या आधी लिव्हर हँडलला टेकेल तेव्हा कळेल.

भाची: मी डोक्याच्या कोपऱ्यातून तिरपं पाडते. एका सपाट बाजूतून शेजारच्या बाजूत. मध्यापर्यंत जातच नाही.

मामा: कोपऱ्यातून पाडतेस ते बरंय. तरी एक बोल्ट उभा करवतीने काप आणि आत बघ. एक बोल्ट वाया जाऊ दे.

भाची: कापते. पण मग तार नाही तर काय, ते तुम्ही सांगा. लॉकटाइट?

मामा: कॅलिपरला लॉकटाइट, निळा. आणि टॉर्क रेंच. आणि रंगाच्या पेनाने बोल्टवरून खालच्या भागावर एक रेघ. फिरला की रेघ तुटते, लांबूनही दिसते. भोक नको, तार नको.

भाची: रेघ फक्त सांगते, अडवत नाही. आणि निळा लॉकटाइट दीडशे अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो, माझा कॅलिपर शर्यतीत किती तापतो ते मला विचारा. शिवाय मी तो दर सेशनला चाक काढताना उघडते. दरवेळी आटे साफ करा, लॉकटाइट लावा, ते सुकायला वेळ द्या. दोन सेशनच्या मध्ये कधी कधी वीस मिनिटं असतात. तार कापून नवी पिळायला मला तीन मिनिटं लागतात.

मामा: तीन मिनिटांत पिळलेली तार मला दाखव एकदा.

ती दाखवायला उठली, आणि पुढची दहा मिनिटं मामांनी वादात भाग घेतला नाही, फक्त शिकवलं. पॉइंट आठ मिलिमीटरची तार, इंचाला सहा ते आठ पीळ. कमी झाले तर तार ढिली, जास्त झाले तर तार ठिसूळ होऊन पक्कडीतच तुटते. तार बोल्टला नेहमी आवळायच्या दिशेने ओढणारी हवी. दोन बोल्ट एकत्र बांधले की ती दोघांमध्ये एस आकारात जाते, आणि नवशिका इथे हमखास उलट्या बाजूने ओवतो. भोक नीट रांगेत यावं म्हणून बोल्ट थोडा जास्त आवळायचा नाही आणि थोडा सोडायचाही नाही. कोन जमत नसेल तर वॉशर बदल किंवा दुसरा बोल्ट घे. शेवटचं टोक आत वळवून ठेव, नाहीतर तपासनिसाचा अंगठा फाटेल. आणि एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नाही, ती कचऱ्याच्या डब्यात. भाचीने मुकाट्याने ऐकलं, फक्त एकदा "हे माहितीय" म्हणाली आणि मामांनी तिच्या तारेवर बोट ठेवलं, जिथे पीळ मध्येच सैल पडला होता.

मामा: आता माझा खरा आक्षेप ऐक. भोकाचा नाही, भौतिकशास्त्राचाही नाही. तार बांधलेल्या बोल्टला माणूस पुन्हा टॉर्क रेंच लावत नाही. लावायचा तर तार कापावी लागते, नवी पिळावी लागते. तार दिसली की "आहे, ठीक आहे" म्हणून पुढे जातो. पहिल्या सरावानंतर गरम-थंड होऊन भाग बसलेले असतात, रंग दबलेला असतो, दोन शतांश मिलिमीटर जरी बसलं तरी तुझ्या त्या सहा-सात शतांशातले एक तृतीयांश गेले. नेमकं तेव्हा पुन्हा तपासायला हवं, आणि नेमकं तेव्हाच तुमच्या त्या सुंदर तारेमुळे कुणी तपासत नाही.

भाची: तार नसली तर तपासतात, असं तुम्हाला वाटतं?

मामा: ... नाही.

भाची: तार असलेला बोल्ट निदान एकदा तरी कुणाच्या तरी हाताखालून गेलेला असतो. दर फेरीला मी ती कापते, नवी पिळते, म्हणजे तो बोल्ट माझ्या डोळ्यांसमोर येतो. तार नसती तर ते बोल्ट मी धुताना सुद्धा पाहिले नसते.

मामा: मग पहिल्या सरावानंतर काप. आवळ. मग पीळ. चारही कॅलिपर बोल्ट, ड्रेन, झाकण.

भाची: पहिल्या सरावानंतर? मामा, तेव्हा टायर बदलायचे असतात, चेनचा ताण, पेट्रोल, रायडरचं रडगाणं...

मामा: तीन मिनिटांत पिळतेस ना?

भाची: एकाला तीन मिनिटं!

मामा: मग कमी बोल्टांना भोकं पाड. फुटपेगला कशाला हवी तार? तो पडला तर तुझ्या रायडरचा पाय लटकेल, मागच्याचं काय बिघडतंय?

भाची: मागच्याच्या टायरखाली येईल ना तो.

मामा: येईल. बरं, फुटपेग राहू दे. हँडलचे क्लॅम्प?

भाची: क्लॅम्पची तार काढते. पण बँजोची तार नाही काढणार. एक जुना बँजो बोल्ट आणा, उभा कापून बघू, मग ठरवू.

मामा: जुना कशाला, त्याच कंपनीचा नवा आण. जुन्याची पोकळी दुसऱ्याच मापाची निघाली तर कापून काय कळणार?